बाईसाहेब त्याच वळणावर का बसते

बाईसाहेब पहिल्यांदा वाटेत बसली तेव्हा तिचं दावं एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या हातात होतं. बायकोनं त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून शेतावरच्या लामासोबत, म्हणजे उंटाच्या जातीतल्या त्या लोकरी जनावरासोबत, फेरी मारायचं तिकीट काढून दिलं होतं. पेंढ्याच्या कोठारापाशी वाट तळ्याकडे वळते, तिथे बाईसाहेब थांबली. आधी तिनं पुढचे गुडघे मोडले, मग मागचं धूड खाली घेतलं आणि चारही पाय पोटाखाली दुमडून, गादीवर बसावं तशी ऐसपैस बसली. पोस्टमास्तर भले गृहस्थ. त्यांना वाटलं, हा फेरीचाच भाग असणार. तेही शेजारी उभे राहिले, बायकोनं फोटो काढले. बराच वेळ काहीच घडेना तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं की आता पुढे आपण काय करायचं असतं.

फेरीच्या पुढे शेत चालवणाऱ्या दोघी जावांपैकी थोरली चालत होती. ती मागे आली, दावं ओढून पाहिलं, मानेवर थोपटलं, कानाशी काहीतरी पुटपुटली. बाईसाहेब समोर पाहत बसून राहिली. शेवटी बाकीचे लामा आणि पाहुणे पुढे गेले, पोस्टमास्तरांना दुसऱ्या लामाचं दावं देण्यात आलं, आणि सगळे परतीला निघाल्यावर बाईसाहेब आपणहून उठून त्यांच्या मागोमाग घरी आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, त्याच वळणावर.

शेत दोन भावांचं, पण चालवायच्या त्यांच्या बायका. थोरली जनावरांतच वाढलेली. बकरीच्या खोकण्यावरून तिला हवा बदलल्याचं कळे, मात्र माणसांशी चार शब्द बोलायचे तर तिच्या कपाळावर आठी पडे. धाकटी लग्नाआधी एका हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करायची. शेत लोकांसाठी खुलं करायची कल्पना तिचीच. तिकीट खिडकी, चहाची टपरी, शाळांच्या सहली, वाढदिवस, सगळं तिच्या अखत्यारीत. जनावरांच्या मात्र ती वाऱ्यालाही उभी राहत नसे. लामाला पुढून हात लावावा की बाजूनं, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

दोघी जावांचं उघड भांडण असं कधी झालं नाही. पण एकीनं खिडकी उघडली की दुसरीला वारा लागायचा. फाटकाचा रंग, जेवायची वेळ, कुत्र्याला घरात घ्यायचं की नाही, कशावरही दोघींची तोंडं दोन दिशांना. घरातल्या पुरुषांनी यात पडायचं कधीच सोडून दिलं होतं. धाकटीचा नवरा दिवसभर शहरातल्या नोकरीवर, आणि थोरला कुंपणं, पंप, ट्रॅक्टर यांच्या आड लपलेला.

लामांच्या कळपात मात्र उघड भांडण होतं. बाईसाहेब पांढरी, उंच, मान ताठ ठेवून चालणारी. मुलं गळ्यात पडली तरी हलायची नाही. शेताच्या प्रत्येक जाहिरातीत तीच. दुसरी फुरंगटी, तपकिरी, बुटकी, कान कायम मागे पाडलेले. गव्हाणीपाशी या दोघी समोरासमोर आल्या की हनुवट्या वर व्हायच्या, घशातून खरखर यायची आणि मग अर्धवट चघळलेल्या हिरव्या चोथ्याचा फवारा उडायचा. त्याचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नसे. फेरीला जातानाही फुरंगटी रांगेच्या शेवटी, आणि तिचं दावं पाहुण्यांच्या हाती न देता कुणीतरी घरचंच माणूस धरणार.

मागच्या हंगामाच्या शेवटी त्या दोघींच्या मधे एका शिक्षिकेचा नवा कोट आला. धाकटीनं हात जोडून माफी मागितली, कोट धुऊन आणून दिला, आणि त्या संध्याकाळी घरात विषय काढला की फुरंगटीला वेगळं ठेवावं, गाड्या लावायच्या जागेपलीकडे शेळ्यांच्या सोबतीला. थोरली लगेच हो म्हणाली. तीही रोजच्या कटकटीला वैतागली होती. दोघींचं इतक्या चटकन एकमत झालेलं थोरल्यानं कधी पाहिलं नव्हतं. कुणाचं मन बदलायच्या आत त्यानं त्याच दिवशी कुंपण हलवून टाकलं.

त्यानंतर थंडीसाठी शेत बंद झालं. त्या काळात बरंच काही बदललं. वाटेत पाणी साचू नये म्हणून वळणाजवळ लोखंडी जाळीची गटारं आली. धाकटीनं रंगीत पाट्या लावल्या. पुन्हा फाटक उघडलं, फेऱ्या सुरू झाल्या, आणि बाईसाहेबनं वळणावर ठाण मांडलं.

थोरलीनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी खूर पाहिले, दात पाहिले, पोटाला कान लावला. पुढचा उजवा गुडघा वयानं थोडा आखडला आहे म्हणाल्या. बसण्याचं कारण ते असेल, नसेलही. थोरलीनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. बाईसाहेबची आई याच शेतात, चढावर पाय घसरून पडली होती आणि पुन्हा उठली नव्हती. थोरली तिच्यापाशी शेवटपर्यंत बसून होती. आईवेगळ्या पिलाला बाटलीनं दूध तिनंच पाजलं. तो गुडघा हातानं चाचपतानाच तिचा निर्णय झाला होता. डोंगरावर एक मेंढपाळ होता, त्याला मेंढ्यांजवळ उभा करायला लामा हवा होता, कारण लामा असला की भटकी कुत्री जवळ येत नाहीत. तिथे फेऱ्या नाहीत, दावं नाही, दिवसभर उभं राहायचं आणि चरायचं. माणूस चांगला होता. थोरलीनं त्याला शब्द दिला. शेत बंद असतं त्या सोमवारी तो गाडी घेऊन येणार होता.

हे ऐकल्यावर धाकटीला वाईट वाटलं ते जाहिरातींसाठी, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. पण तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला होता. रात्री भांडी पुसताना तिनं तो बोलून दाखवला.

"ताई, गुडघा दुखतो तर ती चढावर का बसत नाही? चढ तर आधी लागतो. वळणावर सगळं सपाट आहे."

"दुखणं तुला विचारून येत नाही," थोरली म्हणाली आणि दिवा मालवून गेली.

उत्तर तिरकं होतं म्हणून नव्हे, ते उत्तरच नव्हतं म्हणून धाकटीला ते डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत तिनं जाळीवर टांगलेली मोरकी काढली, चार प्रयत्नांनंतर ती बाईसाहेबच्या तोंडावर सुलटी चढवली आणि एकटीच तिला घेऊन निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात लामाचं दावं होतं. तिला अपेक्षा होती की हिसका बसेल. बाईसाहेब तिच्या पावलाशी पाऊल जुळवून निमूट चालली, चढ विनातक्रार चढली, आणि वळण आल्यावर बसली.

तिथे एक पाटी होती, तीवर दात विचकून हसणारा लामा. धाकटीला वाटलं, हिला हे चित्र खपत नसावं. तिनं पाटीवर गोणपाट टाकलं. दुसऱ्या सकाळी बाईसाहेबनं गोणपाट हुंगलं आणि बसली. मग संशय गटाराच्या जाळीवर गेला. जनावरं अशा जाळ्यांना बिचकतात असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. तिनं कोठारातून फळ्या ओढत आणून जाळीवर टाकल्या. बाईसाहेब त्यांवरून टपटप चालत गेली आणि पलीकडे बसली. गाजराचे तुकडे पुढे धरून पाहिले. बाईसाहेबनं ते मान लांब करून, बसल्या जागी, एकही न टाकता खाल्ले.

टपरीच्या खिडकीतून पाहुण्यांना चहा देतानाही धाकटीचं लक्ष वळणाकडे असे. साखर विचारायची ती विसरू लागली. नवऱ्यानं रात्री थट्टा केली की तुला लामा चावलाय. तिनं मान डोलावली, कारण त्याच वेळी तिला नवं सुचत होतं. आजवर बाईसाहेबला एकाच दिशेनं नेलं होतं. उलटं नेलं तर?

रविवारी सकाळी ती तिला तळ्याच्या बाजूनं घेऊन गेली. गुडघ्याचं दुखणं असेल तर आता कुठेही बसेल, जागेचं काही असेल तर त्याच वळणावर येऊन बसेल. बाईसाहेब वळण यायच्या पुष्कळ आधी, तळ्याकाठच्या लाकडी बाकापाशी बसली. तिथे पाटी नव्हती, जाळी नव्हती, काहीच नव्हतं.

धाकटीनं कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं. मग, जवळपास कुणी नाही याची खात्री करून, तीही बाईसाहेबशेजारी ओल्या गवतात बूड टेकून बसली. जमिनीचा गारवा कपड्यांतून वर आला. तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. बाईसाहेबच्या बंद तोंडातून, खोल छातीतून एक बारीक हूं येत होतं, शेवटाला किंचित वर जाणारं, एखाद्या माणसानं दुसऱ्या खोलीतल्या कुणाला "अगं, आहेस ना?" विचारावं तसं. इतकी वर्षं धाकटी लामांना मुकं समजत होती.

बाईसाहेबचे दोन्ही कान पुढे वळलेले होते, टोकदार. धाकटीनं कानांच्या रोखानं नजर टाकली. समोर पेंढ्याचं कोठार, आणखी काही नाही. ती उठून दोन पावलं मागे गेली. कोठाराच्या कडेपलीकडे शेळ्यांच्या गोठ्याचं छप्पर दिसलं, आणि कुंपणावरून वर आलेली एक तपकिरी मान. दोन पावलं पुढे आली, मान नाहीशी. ती पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली. मग बाईसाहेबला तिथेच सोडून ती पळत सुटली, कोठाराला वळसा घालून वळणावर गेली आणि तिथेही तसंच पुढे-मागे केलं. वळणाच्या अलीकडून मान दिसायची. पलीकडून नाही.

दुसऱ्या बाजूनं विचार करून पाहिलं तर हे सगळं हास्यास्पद होतं. त्या दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या. दोघींना वेगळं केलं तेव्हा कुणाच्या मनात कणभर शंका नव्हती. आणि बाईसाहेब कशावरून शेळ्यांसाठी बसत नसेल? की वैरणीची गाडी तिथून येते म्हणून? धाकटी धावत धावत परत आली तेव्हा तिला घाई सुटली होती, कारण उद्याच सोमवार होता.

थोरलीकडे जायचा तिला धीर होईना. पुराव्याशिवाय बोलायचं तर पुन्हा दिवा मालवला जाणार. तिनं थोरल्याला पंपाच्या खोलीत गाठलं आणि सांगितलं की भावजी, उद्या सकाळी फुरंगटीला तळ्यावरच्या बाकापाशी घेऊन या, का ते आता विचारू नका. थोरल्यानं विचारलंही नाही. बायकांच्या गोष्टीत कारण विचारलं की बाजू घ्यावी लागते, हा त्याचा अनुभव होता.

सोमवारी सकाळी हवा स्वच्छ होती. धाकटी बाईसाहेबला घेऊन वळणावर आली. बाईसाहेब ठरल्याप्रमाणे बसली. धाकटीनं दुरूनच हात हलवला, आणि तळ्याच्या वाटेवरून, दातओठ खात, थोरला फुरंगटीला ओढत येताना दिसला. त्याच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत हिरवा ओघळ होता.

बाईसाहेब उठली. दावं धाकटीच्या हातातून सुटलं आणि ती वळण ओलांडून, उतारावरून, धाकटीनं कधी पाहिली नव्हती अशा चालीनं तळ्याकडे निघाली. फुरंगटी जागच्या जागी थबकली. दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. हूं, एक म्हणाली. हूं, दुसरी म्हणाली. थोरल्यानं तोंड उघडून धाकटीकडे पाहिलं. तेवढ्यात बाईसाहेबनं कान मागे पाडले, हनुवटी उचलली आणि फुरंगटीच्या तोंडावर यथेच्छ थुंकली.

"हिनं सुरुवात केली," धाकटी म्हणाली. "ताई, पाहिलंत? बाईसाहेबनं."

कारण थोरली मागे येऊन उभी राहिली होती. आणि तिच्यामागे, टोपी हातात घेऊन, मेंढपाळ. तो ठरल्यापेक्षा लवकर आला होता, गोठ्यात लामा नाही म्हणून ती त्याला घेऊन शोधत आली होती.

थोरली पुढे झाली. तिनं बाईसाहेबचं लोंबतं दावं उचललं आणि चालायला लागली, तळ्याला वळसा घालून, झाडांमधून, पूर्ण फेरी. थोरला फुरंगटीला घेऊन मागे. बाईसाहेब कुठेही बसली नाही. चढावर तिनं एकदा मागे वळून पाहिलं, मागची मागेच आहे ना हे बघितल्यासारखं, आणि पुढे गेली. धाकटी बाकापाशी मेंढपाळासोबत थांबली आणि तिनं त्याला गोणपाटापासून सगळं सांगितलं. तो मधेमधे मान हलवत होता. मेंढ्यांतही अशा जोड्या असतात म्हणाला, मात्र थुंकणाऱ्या त्यानं पाहिल्या नव्हत्या.

फेरी संपवून आल्यावर थोरली खाली बसली आणि बाईसाहेबचा गुडघा दोन्ही हातांत धरून बराच वेळ चाचपत राहिली.

"गरम आहे," ती म्हणाली. "दुखतोय तिला. मी म्हणत होते ते खोटं नाही."

"खोटं कुठे म्हणतेय मी," धाकटी म्हणाली. "दुखतही असेल. पण बसते ती त्यासाठी नाही."

थोरल्याला या वेळी राहवलं नाही. तो म्हणाला, की एकमेकींशिवाय करमत नाही आणि एकमेकींसोबत जमत नाही, हे आपल्या घरात आणखी कुणालातरी लागू आहे. दोघी जावांनी एकाच वेळी त्याच्याकडे असं पाहिलं की तो शर्ट धुवायला निघून गेला.

मग मेंढपाळानं घसा साफ केला. त्याचं म्हणणं रास्त होतं. दोघी एकत्र हव्यात तर तो दोघींना न्यायला तयार होता. गाडीत जागा होती, डोंगरावर गवत होतं. गुडघ्याला चढउतार नको म्हणाल तर तो त्यांना खालच्या कुरणात ठेवील. अगदी नीट विचार केलेलं, सरळ बोलणं होतं ते, आणि त्यात चूक काढायला काही नव्हतं. थोरलीला ते कळत होतं. तिनं बाईसाहेबच्या मानेतल्या लोकरीत बोटं रुतवली आणि खाली पाहत उभी राहिली. मग तिनं असं काही केलं जे धाकटीला अनोळखी होतं. तिनं वळून विचारलं.

"तुला काय वाटतं?"

धाकटीनं फुरंगटीकडे पाहिलं. फुरंगटी गेली असती तर कोट वाचले असते, माफ्या वाचल्या असत्या. तसं झालं असतं तर बरं, असं ती मागच्या हंगामात शंभरदा म्हणाली होती. पण आता तिला त्या हूंचा अर्थ थोडासा लागला होता आणि बाकीचा लागायचा होता.

"राहू द्या दोघींना," ती म्हणाली. "बाईसाहेबला तळ्याच्या बाजूनं निम्मीच वाट चालवू, बाकापर्यंत, आणि मग परत. चढ नको. फुरंगटीला परत आत घेऊ. गव्हाणी मात्र दोन करू."

"आणि फेरीत फुरंगटीला कोण धरणार? मी एका वेळी एकच धरू शकते."

"मी धरीन."

थोरलीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गवतानं माखलेली साडी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, हातावर दाव्याचे वळ. तिनं मेंढपाळाची माफी मागितली, त्याला आत नेऊन चहा दिला, आणि पुढच्या थंडीत जन्मणाऱ्या पिलांपैकी एक त्याच्यासाठी राखून ठेवायचं कबूल केलं. तो न चिडता गेला. रिकामी गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा धाकटीला आत कुठेतरी हलकं वाटलं, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

थोरल्यानं कुंपण पुन्हा हलवलं. फुरंगटी आत आली त्या संध्याकाळी गव्हाणीपाशी दोन फवारे उडाले, आणि मग दोघी पाठीला पाठ लावून रवंथ करत बसल्या. फेरीत आता पुढे बाईसाहेब आणि थोरली, त्यामागे फुरंगटी आणि धाकटी, आणि पाहुण्यांना चार हात अंतर ठेवायची सूचना. धाकटीनं एक जुना रेनकोट त्यासाठीच काढून ठेवला. पाहुणे विचारत की या दोघी एवढ्या भांडतात तर एकत्र का ठेवता. थोरली उत्तर देत नसे. धाकटी मात्र सगळी हकीकत सांगे, दर वेळी थोडी जास्तच रंगवून, आणि पुढे चालणारी थोरली न वळता मधेच म्हणे, गोणपाट पहिल्या दिवशी नव्हतं, दुसऱ्या दिवशी होतं.

एका दुपारी शेवटची फेरी बाकापर्यंत आली. पाहुणे फोटो काढण्यात गुंतले. दोघी जावा बाकावर टेकल्या. फुरंगटी चरता चरता झाडांच्या आड गेली होती, बाईसाहेबला ती दिसत असणं शक्य नव्हतं. तरी बाईसाहेब बसली नाही. कान पुढे करून उभी राहिली, नाकपुड्या हलल्या, आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

धाकटी पुढे वाकली. "ताई, आत्ता तिला कसं कळलं? दिसत तर नाहीये. वासावर, की आवाजावर?"

थोरलीनं बाईसाहेबकडे पाहिलं. मग झाडांकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून धाकटीनं आजवर ऐकले नव्हते. "वारा तिकडून येतोय आत्ता. उद्या उलटा असला तर बघू."

"आणि नसला उलटा?"

"तर आपण पलीकडे जाऊन उभ्या राहू," थोरली म्हणाली, आणि झाडांत हरवलेल्या फुरंगटीला आणायला धाकटीच्या आधी उठली.